शेवटी बोलणारा

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. एका पाहुण्याने आणलेला पत्त्यांचा जोड आजोबांनी चुलीत घातला होता, ही गोष्ट आमच्याकडे तीन पिढ्या सांगितली जाते. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला भाचा पडवीत पत्त्यांचा जोड आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन बसला, तेव्हा घरातल्या बायकांनी डोळे वटारले. आम्हीही चष्मा वर सारून पाहिले.

पोरगा इंजिनीअरिंगला आहे. वर्षभर तो मोबाइलवर पोकर खेळत होता, हे आम्हाला तेव्हाच कळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेदही ठेवला नाही, आणि त्याचा खेळ थांबला. खेळ थांबला, पण डोक्यातला प्रश्न थांबला नाही. तो म्हणाला, "मामू, पैसे नाहीत, चिंचोके आहेत. जुगार हराम, हे मला मान्य आहे. पण ब्लफ करणं म्हणजे झूठ बोलणं आहे का? पैसे काढून घेतले तरी ते पाप उरतं का? त्यासाठी तुम्हाला खेळ समजून घ्यावा लागेल."

आयुष्य शिक्षकी पेशात गेले. विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला की जमिनीवर बसण्याची आम्हाला सवय आहे. आम्ही बसलो.

आधी जुगाराचे स्पष्ट करून टाकू. सूरह बकरामध्ये दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदेही आहेत हे मान्य करून, त्यांतले पाप फायद्याहून मोठे आहे असे सांगितले आहे. सूरह माइदामध्ये त्यांपासून दूर राहण्याचा थेट आदेश आहे, आणि कारणही दिले आहे: त्यांतून माणसामाणसांत वैर पेरले जाते आणि अल्लाहचे स्मरण सुटते. यावर आमचा वाद नाही. शतरंजबद्दल फकीहांमध्ये मतभेद झाले. पैशांच्या जुगाराबद्दल झाले नाहीत. तेव्हा हा लेख पोकरची वकिली नाही. भाच्याने पैसे बाजूला काढून जो प्रश्न उरवला, तेवढ्यापुरताच तो आहे.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती ज्याची त्याने पाहायची. मग सर्वांसाठी पाच पाने टेबलावर उघडी पडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचे एक. हाताची दोन आणि टेबलाची पाच मिळून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकतो. पाने वाटल्यावर एकदा आणि प्रत्येक उघडणीनंतर एकदा, असे चार वेळा बोलायचे असते. बोलणे म्हणजे चिंचोके पुढे सारणे, किंवा काहीच न लावता "चेक" म्हणून पाळी पुढे देणे. कोणी लावले तर दुसऱ्याने तेवढेच भरायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकून द्यायची. शेवटच्या पानाला खेळणारे "रिव्हर" म्हणतात. त्यानंतर काही यायचे नसते. ज्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते, उरते फक्त बोलणे.

आता यातली खुबी पाहा. टेबलावर एक गोल चकती असते, तिला "बटण" म्हणतात. ती ज्याच्यापुढे, तो टेबलावर पाने उघडू लागल्यापासून प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. सर्वांचे ऐकून झाल्यावर त्याची पाळी येते. शेवटच्या पानावर तर या जागेचे मोल फारच वाढते. आधी बोलणाऱ्याने "चेक" म्हटले तर पुढे काय होईल ते त्याच्या हातात नसते. शेवटी बोलणाऱ्याने "चेक" म्हटले की विषय संपला, पाने उघडी करायची. प्रकरण मिटवण्याचा अधिकार त्या एका जागेला आहे, आणि चिघळवण्याचाही.

समजा मध्ये १०० चिंचोक्यांची रास आहे. शेवटचे पान पडले. समोरचा "चेक" म्हणाला. आपण शेवटचे. काय करावे? आम्ही म्हणालो, पान चांगले असेल तर लावावे, नसेल तर गप्प राहावे. भाचा हसला. म्हणाला, "मामू, सगळे नवखे असंच करतात आणि हरतात."

पान मध्यम असेल तर लावण्यात तोटा आहे. कारण आपण लावले की आपल्याहून हलके पान असलेला पळून जातो आणि भारी पानवालाच थांबतो. जिंकायचे ते तसेही जिंकलो असतो, हरायचे तेवढे जास्त हरतो. म्हणून मध्यम पानाने "चेक" म्हणावे आणि पाने उघडी करावीत. फार भारी पान असेल तर लावावे, कारण आपल्याहून हलके पान धरून कोणी तरी भरील. आणि पान अगदीच फुकट असेल, उघडे केले तर हरणारच असेल, तर त्यानेच लावावे. त्याला जिंकण्याचा दुसरा मार्गच नसतो.

हे फक्त जुगाऱ्यांचे शहाणपण नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणिताचा पाया घालणारा प्रबंध लिहिला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पोकरचे एक साधे रूप घेऊन त्यांनी दाखवले की लावणाऱ्याने सर्वांत भारी आणि सर्वांत हलक्या पानांवर लावावे, मधल्यांवर नाही. भाच्याने हिशेब मांडून दाखवला. सर्व पानांचे चढत्या क्रमाने ९ भाग केले आणि राशीएवढेच लावायचे ठरवले, तर वरचे २ भाग खरेपणाने लावायचे, तळाचा १ भाग थापेने, आणि मधल्या ६ भागांनी गप्प राहायचे. म्हणजे लावलेल्या दर ३ वेळांत २ वेळा खरे आणि १ वेळा खोटे.

तीनात एकच का? समोरच्याला १०० भरून २०० मिळवायचे असतात. तीन वेळा भरले आणि एकदा थाप पकडली, तर २०० मिळाले आणि दोनदा मिळून २०० गेले. त्याची बरोबरी होते. थापा याहून कमी मारल्या तर तो आपल्याला खरा समजून कायम पाने टाकील आणि आपल्या भारी पानांनाही काही मिळणार नाही. जास्त मारल्या तर तो दर वेळी भरील आणि आपण बुडू. खोटे हे असे खऱ्याच्या पतीवर जगते. दोन वेळा खरे बोललेल्या माणसाचीच तिसरी थाप चालते. हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. आपल्या ओळखीची किती माणसे या हिशेबाने वागतात, ते आठवू लागलो.

या खेळातली बहुधा सर्वांत गाजलेली थाप २००३ सालची. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा होती. प्रत्येकी १०,००० डॉलर प्रवेशमूल्याच्या स्पर्धेत ८३९ जण उतरले आणि शेवटी दोघे उरले. एक सॅमी फार्हा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला हिशेबनीस, इंटरनेटवरच्या एका पात्रता फेरीतून शंभराहून कमी डॉलरांत तिथवर आलेला. एका डावात फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकर इस्पिकाची पाच पाने किंवा ओळीची पाच पाने जमण्याची वाट पाहत होता. शेवटचे पान तिर्री पडले. दोन्ही हुकले. हाती नुसता राजा राहिला. फार्हा आधी बोलला: "चेक." मनीमेकर शेवटी बोलला, आणि त्याने जवळचे सगळे लावले.

फार्हाने बराच विचार केला. तुझा इस्पिकाचा हात जमला नसावा, असे तो मनीमेकरला तोंडावर म्हणालाही. म्हणजे त्याला खरे कळले होते. तरी त्याने पाने टाकली. थोड्याच वेळात मनीमेकरने २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. थाप लागू पडायला समोरचा फसलाच पाहिजे असे नाही. त्याला संशय येतो, कधी खात्रीही होते. पण पाने पाहायची तर किंमत मोजावी लागते, आणि चुकलो तर सगळे जाईल या धास्तीने तो मागे सरतो.

आता भाच्याचा प्रश्न. हे खोटे बोलणे आहे का? इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्ववेत्ता खोट्याचा कट्टर वैरी. १७९७ साली त्याने लिहिले की मित्राच्या जिवावर उठलेल्या खुन्याशीही खोटे बोलण्याचा हक्क माणसाला नाही. पण त्याच कांटने आपल्या व्याख्यानांत एक दाखला दिला आहे. मी घरात सामानाची बांधाबांध केली आणि ते पाहून लोकांनी मी प्रवासाला निघालो असे मानले, मला तसेच हवे असले, तरी मी खोटे बोललो असे होत नाही. माझा बेत काय हे सांगण्याचे वचन मी त्यांना दिलेलेच नव्हते. या न्यायाने चिंचोके पुढे सारणे हे विधान नाही. "माझे पान भारी आहे" असे कोणी म्हटलेले नाही. समोरच्याला त्यातली शक्यता ठाऊक आहे, तोही हेच करणार आहे, आणि हे मान्य करूनच तो बसला आहे. चिंचोक्यांवर खेळणाऱ्या दोन पोरांमधला ब्लफ हे झूठ नाही, असे आम्ही भाच्याला सांगितले. तो खूश झाला. आम्ही झालो नाही.

कारण हा युक्तिवाद इथे थांबत नाही. १९६८ साली आल्बर्ट कार या लेखकाने "हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू"मध्ये एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, धंदा हा पोकरसारखा आहे. पोकरमध्ये थाप मारणाऱ्याला कोणी अनीतिमान म्हणत नाही, तर धंद्यात का म्हणावे? घरची नीती घरी ठेवावी. त्यावर बरेच वादंग झाले. आम्ही तो युक्तिवाद फार पूर्वी एका पुस्तकात वाचला होता आणि वाचून मनातून बरे वाटले होते. का बरे वाटले, ते सांगणे आता भाग आहे.

ज्या पडवीत हा पोकरचा तास चालला होता, ते घर आम्ही २००४ साली घेतले. शेजारच्या एका विधवा खालांचे ते. मुलाला आखातात पाठवायचे होते, मुलीचे लग्न ठरले होते, आणि पैसे महिन्याच्या आत हवे होते. हे सगळे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितले होते. त्यांच्यासाठी आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, शेजारी होतो. आम्ही नवराबायकोने आपसांत सव्वातीन लाखांपर्यंत जायचे ठरवले होते. घर तेवढ्याचे होते आणि तेवढी रक्कम जमलीही होती. किमतीची गोष्ट निघाली तेव्हा खाला म्हणाल्या, "तुम्ही परके थोडेच आहात? तुम्हीच काय ते सांगा."

आज आम्हाला कळते, तो त्यांचा "चेक" होता. त्यांची गरज, त्यांची घाई, सगळी पाने उघडी. आमची झाकलेली. आणि बोलण्याची शेवटची पाळी आमची.

आम्ही म्हणालो, "खाला, बाजाराच्या मागचं एक घर आम्ही बघून ठेवलं आहे. अडीच लाखांत देतात. उद्या इसार द्यायचा आहे. पण तुमचं घर शेजारचं, म्हणून दहा हजार जास्त देऊ." असे कोणतेही घर आम्ही पाहिले नव्हते. खाला पदराशी चाळा करत थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. अल्लाह बरकत देवो." दोन लाख साठ हजारांत घर आमचे झाले. पासष्ट हजार वाचले. त्या रात्री आम्ही स्वतःला हुशार समजलो. पुढे कारचा युक्तिवाद वाचला आणि हुशारीवर विद्वत्तेचा शिक्का बसला.

भाच्याला पोकर समजावता समजावता कुठे काय चुकले ते त्याने नकळत आम्हाला दाखवले. आमचे तर पानही मध्यम होते. रास्त किंमत हातात होती, उघडी करता आली असती. खेळाचे गणितसुद्धा म्हणाले असते, चेक म्हणा आणि पाने दाखवा. आणि आम्ही तर चिंचोके सारले नव्हते. तोंडाने सांगितले होते, ज्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवून प्रश्न विचारला होता, त्याला.

पण त्याहून मोठा फरक बटणाचा आहे. पोकरच्या टेबलावर बटण दर डावानंतर एक जागा पुढे सरकते. आज शेवटी बोलण्याचा फायदा माझा, पुढच्या डावात तुझा. त्या अन्यायाची अशी पाळीपाळीने वाटणी होते, म्हणून तो अन्याय राहत नाही. शिवाय टेबलावर असेल तेवढेच हरता येते, घरचे नाही. आणि नको असेल तर उठून जाता येते. खालांना उठून जाता येत नव्हते. त्यांच्या समोर टेबलावर त्यांचे घरच होते. आणि बटण त्यांच्यापुढे कधी येणार नव्हते. सावकार आणि कुळ, मालक आणि रोजंदारीवरचा मजूर, खोली देणारा आणि खोली मागणारा, यांच्यात बटण फिरत नाही. तिथे एक जण जन्मभर शेवटी बोलतो. त्या जागेवरून मारलेल्या थापेला खेळ म्हणणे, हीच मोठी थाप आहे. कारच्या युक्तिवादात हे बटणच हरवले आहे.

हे आम्ही नवीन सांगतो आहोत असे नाही. बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत खरेदी-विक्रीचे जे मनाईहुकूम आहेत, त्यांत दोन इथे लागू पडतात. एक, घ्यायचे नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली बोलणे. त्याला "नजश" म्हणतात. आमचे ते बाजारामागचे घर म्हणजे उलटी नजश: तिथे खोटा गिऱ्हाईक उभा करतात, आम्ही खोटा विक्रेता उभा केला. दुसरा हुकूम, माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला गावाबाहेर गाठून, बाजारभाव कळण्याआधीच त्याचा माल घेऊ नये. तिथे कोणी खोटे बोललेच असेल असे नाही. दोष एवढाच की एकाला भाव ठाऊक आणि दुसऱ्याला नाही. आणि त्यावर उपायही आहे: विक्रेता बाजारात पोहोचून त्याला भाव कळला की सौदा ठेवायचा की मोडायचा, हे ठरवण्याचा हक्क त्याचा. म्हणजे शेवटचे बोलणे त्याच्याकडे परत द्यायचे.

हे हुकूम आम्हाला पाठ होते. आम्ही ते वर्गात सांगितलेही होते.

खाला आता हयात नाहीत. मुलगा आखातातच स्थायिक झाला. मुलगी दोन तालुके पलीकडे नांदते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मग आम्ही सगळे सांगितले, आकड्यांसह. पासष्ट हजारांचे आज जे होतील ते द्यायला आलो आहोत, असेही सांगितले.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "भाईजान, बाजाराच्या मागे तेव्हा विकायला एकच घर होतं. ते माझ्या सासरच्या नात्यातलं. त्याचा इसार आधीच झाला होता. अम्मीला हे माहीत होतं."

आम्हाला काही बोलता आले नाही. शेवटी आमची बायको म्हणाली, "मग त्या बोलल्या का नाहीत?"

"बोलून काय करणार होती? तुम्ही रागावून उठला असता तर महिन्यात दुसरं गिऱ्हाईक कुठून आणलं असतं?"

फार्हाने पाने टाकली ती अशीच. समोरच्याचा हात कळला होता, पण पाहण्याची किंमत परवडणारी नव्हती. एकवीस वर्षे आम्ही समजत होतो की आम्ही एका भोळ्या बाईला फसवले. त्या भोळ्या नव्हत्या. त्यांनी आमचे खोटे ओळखले, ते पोटात घातले, वर बरकतीची दुआ दिली आणि त्यानंतर अखेरपर्यंत आमच्याशी शेजारधर्म सोडला नाही. त्या दुआचा अर्थ आता आम्हाला वेगळा लागतो, आणि तो सहन होत नाही.

आम्ही पैशांचे पाकीट पुढे केले. तिने हात लावला नाही. नकारही दिला नाही. म्हणाली, "घ्यायचे का, किती घ्यायचे, की दुसरंच काही मागायचं, हे मला भावाशी बोलून ठरवू दे. तुम्ही घाई करू नका."

भाच्याला फोन करून आम्ही उत्तर सुधारून सांगितले. ब्लफ हे झूठ आहे की नाही, हे फक्त पानांवरून ठरत नाही. आधी बघ, समोरचा उठून जाऊ शकतो का, आणि पुढच्या डावात शेवटी बोलण्याची पाळी त्याची येणार आहे का. दोन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर शेवटी बोलणाऱ्याने पाने उघडी करावीत. तो म्हणाला, "मामू, मग तुमचं काय ठरलं?"

आमचे काही ठरलेले नाही. आम्ही आमचे बोलून बसलो आहोत. पाकीट कपाटात आहे. फोन वाजला की आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहतो. बोलण्याची पाळी आता तिची आहे, आणि ती म्हणेल ते शेवटचे.